दान पुढे जातं

सुरत म्हटलं की मराठी माणसाला आधी लूट आठवते. जानेवारी १६६४ची शिवाजी महाराजांची ती मोहीम आपण शाळेत शिकतो आणि मग बाकी सगळं विसरलो तरी तेवढी लक्षात ठेवतो. मी वाढले सुरतेत आणि पुढे इथल्याच मराठी शाळेत शिकवलं. माझ्या वर्गातली मुलं उधना, लिंबायत, डिंडोलीची. आईबाप धुळे, नंदुरबार, जळगावकडून यंत्रमागावर काम करायला आलेले. ज्या शहराच्या लुटीची गोष्ट ऐकताना मुलांच्या माना ताठ व्हायच्या, त्याच शहरानं त्यांच्या घरात चूल पेटती ठेवली होती. त्यामुळे महाराजांचा विषय निघाला की मी मुलांना लुटीबरोबर न लुटलेल्या दोन घरांची गोष्टही सांगायची.

ती गोष्ट फ्रांस्वा बर्निये या फ्रेंच वैद्यानं लिहून ठेवली आहे. औरंगजेबाच्या काळात तो दिल्लीत दानिशमंद खान या उमरावाच्या पदरी होता. सुरतेच्या लुटीची हकिकत सांगून झाल्यावर आठवण आल्यासारखा तो दोन घरांचा उल्लेख करतो. एक घर कापुचिन पंथाच्या पाद्री आंब्रोज यांचं. हे फिरंगी पाद्री भले लोक आहेत, त्यांना त्रास देऊ नका, असं महाराजांनी बजावलं. दुसरं घर डचांच्या एका हिंदू दलालाचं. इतिहासकार त्याचं नाव मोहनदास पारेख असं देतात. हा दलाल तेव्हा हयात नव्हता. पण जिवंत असताना तो मोठा दानशूर होता, अशी महाराजांची खात्री पटवण्यात आली आणि त्याच्या घराला धक्का लागला नाही.

पाद्र्याचं घर वाचलं ते समजण्यासारखं आहे. अंगावर जाडाभरडा झगा, घरात पैसाअडका नाही, त्याला लुटून काय मिळणार? दलालाचं तसं नव्हतं. डच कंपनीचा दलाल म्हणजे शहरातल्या गडगंज असामींपैकी एक. लूट करायला आलेल्या फौजेनं आधी शोधावं असंच ते घर. आजूबाजूला हवेल्या जळत होत्या, तळघरं खणली जात होती, आणि हे घर उभं राहिलं, ते मालकानं कधीकाळी कुणाला काही दिलं होतं म्हणून. पण महाराजांना हे सांगितलं कुणी? बर्निये ते लिहीत नाही. मला आपलं नेहमी वाटतं, कुणीतरी साधाच माणूस असेल. त्या घरची खिचडी खाऊन एखादं वाईट वर्ष काढलेला. त्या धामधुमीत जीव वाचवून पळायचं सोडून तो थांबला असेल आणि म्हणाला असेल, हे घर नको, हा माणूस चांगला होता.

दलालाला याचं काही कळलं नाही. तो गेलेला होता. त्यानं केलेल्या दानाचं फळ त्याला मिळालं नाही, मागे राहिलेल्यांना मिळालं; बायकोला, मुलांना, घरच्या नोकराचाकरांना, जे कोण त्या छपराखाली असतील त्यांना. मी ख्रिस्ती आहे आणि हा दलाल ख्रिस्ती नव्हता. तरी दानाच्या आशीर्वादाचा विचार करायला बसले की बायबलमधल्या कुठल्याही दात्याच्या आधी मला तो आठवतो.

कारण आमच्याकडे हल्ली या आशीर्वादाबद्दल एक वेगळंच शिकवलं जातं. टीव्हीवर, यूट्यूबवर, मोठमोठ्या सभांतून सांगतात की देवाला द्या आणि परतफेडीची वाट बघा. दान म्हणजे बियाणं, जेवढं पेराल त्याच्या कितीतरी पट घरी येईल. उत्पन्नाचा दशांश द्यायचा चुकवाल तर आजारपण येईल, धंदा बसेल. उधन्याच्या भाड्याच्या खोलीत राहणारी बाई हे ऐकते आणि मुलाच्या फीचे पैसे पाकिटात घालून पाठवते. मला याचा संताप येतो आणि तो मी लपवत नाही. येशूनं दानाबद्दल जे सांगितलं ते याच्या अगदी उलट आहे. परतफेड करू शकतील त्यांना जेवायला बोलावू नका, लंगड्या-आंधळ्यांना बोलवा, कारण त्यांच्याकडे परत द्यायला काही नाही. उजवा हात देतो ते डाव्याला कळू देऊ नका. न्यायाच्या दिवसाच्या त्या गोष्टीत तर देणाऱ्यांनाच ठाऊक नसतं. राजा त्यांना म्हणतो, मी भुकेला होतो तेव्हा तुम्ही मला जेवू घातलंत. ते गोंधळून विचारतात, आम्ही? कधी? हा गोंधळ मला फार मोलाचा वाटतो. ज्यांनी हिशेब ठेवला त्यांना तो प्रश्न पडलाच नसता.

म्हणजे आशीर्वाद नाही असं नाही. आशीर्वाद आहे. पण तो देणाऱ्याकडे वळून येत नाही, तो पुढे जातो. कुठे जातो, कुणाच्या दारात थांबतो, हे देणाऱ्याला बहुतेक वेळा दिसत नाही. घेणाऱ्याच्या नातवंडांना मात्र कधीकधी दिसतं. मी हे कुठल्या पुस्तकातून म्हणत नाही. मी स्वतः त्या नातवंडांपैकी आहे.

माझी पणजी नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशनच्या आवारात आली ती १९०० सालच्या दुष्काळात. विक्रम संवत १९५६चा हा दुष्काळ, म्हणून गुजरातेत आजही त्याला छप्पनियो म्हणतात. सुरतेची म्हातारी माणसं फार वाईट काळाची उपमा द्यायची झाली की अजून तेच नाव घेतात. गुजरात, काठेवाड, खानदेश, नगर, सगळीकडे एकाच वर्षी पाऊस गेला. आधी गुरं मेली, मग माणसं. पणजी तेव्हा सात-आठ वर्षांची असेल. तिच्याबरोबर घरचं दुसरं कुणी आलं नाही, एवढंच आम्हाला माहीत आहे. का आलं नाही हे तिनं कधी सांगितलं नाही, आणि तिच्या लेकीनं, म्हणजे माझ्या आजीनं, कधी विचारलं नाही.

आजी एक गोष्ट मात्र सांगायची. पणजीला मक्याचा वास सहन व्हायचा नाही. आवारात मोठ्या कढईत पिवळा मका शिजायचा, घट्ट लापशीसारखा, आणि ओळीनं बसलेल्या पोरांच्या थाळ्यांत पडायचा. बाजरी खाणारी ही पोरं. पहिल्या दिवशी निम्म्यांना तो घशाखाली उतरेना. मग उतरला. त्यावर ती जगली, आणि पुढे आयुष्यभर तिनं मका घरात येऊ दिला नाही.

तो मका कुठून आला असेल हे मला फार उशिरा कळलं. १९०० सालच्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या बंदरातून क्विटो नावाचं जहाज मुंबईकडे निघालं. त्यात दोन लाख बुशेल मका होता, म्हणजे सुमारे पाच हजार टन. ख्रिश्चन हेरल्ड या साप्ताहिकानं हिंदुस्थानातल्या दुष्काळासाठी वाचकांपुढे पदर पसरला होता, त्यातून हे धान्य उभं राहिलं. जहाजाचं भाडं अमेरिकन सरकारनं भरलं. नगरच्या अमेरिकन मराठी मिशनचे रॉबर्ट ह्यूम त्या दुष्काळात मदतकार्यात बुडालेले होते. ब्रिटिश सरकारनं त्यांना त्या कामाबद्दल कैसर-ए-हिंद पदक दिलं. पणजीच्या थाळीतला दाणा क्विटोवरचाच होता असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण तो कुठल्या तरी अशाच माणसानं पाठवलेला होता, ज्यानं नगर जिल्हा नकाशावरही पाहिला नसेल. दूर कुठल्या तरी गावात एखाद्या बाईनं अंडी विकून आलेले पैसे पाकिटात घातले असतील आणि त्या पैशाचं पुढे काय झालं हे न कळताच ती गेली असेल. त्या पैशाची मी झाले. मी, माझी भावंडं, आमची मुलं.

पणजीला गावात पोटासाठी बाटलेली म्हणत. आजीलाही म्हणत. लहानपणी सुट्टीत गावी गेले की माझ्याही कानावर ते यायचं. या बोलण्यात विष आहे, पण एक खरा प्रश्नही आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. भुकेल्या मुलासमोर ताट ठेवणाऱ्याच्या मनात काय होतं? ताटाबरोबर आणखी काही वाढलं जात होतं का? मिशनऱ्यांत दोन्ही प्रकारची माणसं होती. काहींना त्या पोरांच्या पोटापेक्षा नोंदवहीतली नावं महत्त्वाची वाटली, आणि त्यांनी केलेल्या दानाला तेवढा बट्टा लागला. काहींनी पोरांचं दुखणंखुपणं काढता काढता स्वतःचा जीव घालवला. पणजी त्या आवारात पुढे स्वतःच्या इच्छेनं राहिली, तिचा प्रभूवर जीव जडला, आणि म्हातारपणी ती पहाटे उठून जी प्रार्थना करायची ती पोटासाठी नव्हती. भुकेतून आलेली श्रद्धा खोटीच असते असं मानणाऱ्यांनी भूक पाहिलेली नसते, असं मला वाटतं.

पंडिता रमाबाईंनी ती पाहिली होती. १८७०च्या दशकात त्यांचे आईवडील उपासमारीनं खंगून गेले, पाठोपाठ बहीण गेली, आणि रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी देशभर भटकले. पुढे त्या ख्रिस्ती झाल्या, आणि १८९६-९७चा दुष्काळ पडला तेव्हा मध्य प्रांतात स्वतः जाऊन मुलींना घेऊन आल्या. १९०० साली गुजरातेत हाहाकार उडाला तेव्हा त्यांचं केडगावचं मुक्ती सदन आधीच शेकडो मुलींनी भरलेलं होतं. तरी तिथून माणसं गुजरातेत गेली आणि आणखी शेकडो मुली-बायका केडगावला आल्या. सदनातल्या माणसांचा आकडा दोन हजारांच्या घरात गेला. ओळखीपाळखीच्या नसलेल्या, वेगळी भाषा बोलणाऱ्या, आजारी मुली. त्यांचं अन्नपाणी, कपडालत्ता, औषधं, शिक्षण, सगळं या बाईंनी अंगावर घेतलं. जिला स्वतःला त्या वयात कुणी उचलून घेतलं नाही, तिनं हे केलं. रमाबाईंची विद्वत्ता मला वंदनीय आहे, पण त्या गुजराती मुलींसाठी त्यांनी उघडलेलं दार मला त्यांच्या संस्कृतपेक्षाही मोठं वाटतं.

दानाची दुसरी बाजू, म्हणजे घरात बसून ती किंमत मोजणाऱ्या माणसाची, लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त दाखवली आहे. त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या हाती पैसा टिकत नसे. आलेला पैसा ठरल्या कामाला पोहोचेल याचा भरवसा नाही, वाटेत कुणाची तरी नड निघायची. टिळकांचं कौतुक सगळ्यांनी केलं. पण दात्याच्या घरात रात्रीची चूल कशी पेटते हे लक्ष्मीबाईंनाच माहीत होतं. पुरुषानं सढळ हातानं द्यावं आणि बायकोनं डब्याच्या तळाशी हात घालून पीठ खरवडावं, यात अर्धं दान तिचं असतं. आमच्या उपासनांमध्ये दानावर पुष्कळ बोललं जातं, पण या अर्ध्या वाट्याबद्दल मी कधी ऐकलं नाही.

माझ्या आईनं तो अर्धा वाटा आपल्या हातात ठेवला होता. वडील उधन्याच्या एका गिरणीत होते, पगार बेताचा, घरात आम्ही पाच जणं. ओट्याच्या कोपऱ्यात डालड्याचा एक जुना डबा असायचा, झाकणाला मध्ये पोचा आलेला. भात टाकण्याआधी आई तांदूळ मापून घ्यायची आणि मग मापलेल्यातून एक मूठ परत काढून त्या डब्यात टाकायची. हे काढणं मापल्यानंतर असायचं, आधी नाही. आधी काढली तर ती घराच्या वाट्यातून जात नाही, असं तिचं म्हणणं. मापून घेतलेल्यातून गेली पाहिजे, म्हणजे जेवताना एक घास कमी पडला पाहिजे. ज्या दिवशी घरात भाकरी असेल त्या दिवशी ज्वारीच्या पिठाची मूठ वेगळ्या पिशवीत. महिनाअखेर ते कुणाच्या तरी घरी जायचं, संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी. घेऊन जायचं काम आम्हा पोरांचं. 'आईनं दिलंय' म्हणायचं नाही, 'मंडळीनं', म्हणजे चर्चनं, 'दिलंय' असंही नाही. नुसतं 'घ्या' म्हणायचं आणि निघायचं.

पुढे मिझोरामबद्दल वाचताना कळलं की तिथल्या मिझो ख्रिस्ती घरांतून हीच रीत १९१०पासून चालत आली आहे. प्रत्येक स्वयंपाकाला मूठभर तांदूळ बाजूला, आणि मंडळीतून तो गोळा होतो. त्या मुठीवर त्यांची कामं चालतात. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या मुलांच्या वसतिगृहांनाही बायाबापड्यांच्या मुठीमुठीच्या धान्याचा आधार होता. आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला बायबलमधले बवाज आणि रूथ ठाऊक होते. कापणी करताना शेताचे कोपरे सोडा, खाली पडलेली कणसं उचलू नका, सरवा गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या, ही मोशेच्या नियमशास्त्रातली आज्ञा. रूथ परदेशी, विधवा, सासूबरोबर आलेली, आणि बवाजच्या शेतातला सरवा वेचून तिनं दोघींची पोटं भरली. सुरतेत आमचं शेत नव्हतं, म्हणून आई डब्यात सरवा ठेवायची. परके मात्र आजूबाजूला भरपूर होते. खरं म्हणजे आम्हीच परके होतो.

सुरतेत ज्याला त्याला कुणीतरी गावाकडचं लागतं. खानदेशी माणूस खानदेशी माणसाला धरून राहतो, ओडिया ओडियाला, सौराष्ट्राचा सौराष्ट्राच्याला. आमच्या मंडळीत नगरची चार घरं, नवापूर-नंदुरबारकडची काही आदिवासी कुटुंबं, एक-दोन नागपूरची. रविवारी एकत्र बसतो, मराठीत उपासना होते, शेवटी दानाची पिशवी फिरते. महिन्याच्या शेवटी त्या पिशवीतलं थोडं अडीअडचणीच्या खात्यात जातं. यातूनच आम्ही आजवर कुणाचं औषध, कुणाची फी, कुणाचं गावाला जायचं भाडं भागवलं. घेणारी माणसं बहुतेक मंडळीबाहेरची.

आणि इथेच गेल्या काही वर्षांत तरुणांच्या मनात भीती बसली आहे. गुजरातेत २००३ सालचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा आहे, २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. प्रलोभन दाखवून धर्मांतर करणं हा गुन्हा, आणि प्रलोभन म्हणजे काय याच्या व्याख्येत आता चांगल्या राहणीमानाची आणि दैवी आशीर्वादाची लालूचही आली. मंडळीतला एक मुलगा, चांगला इंजिनियर झालेला, मला म्हणाला, "बाई, आपण तांदळाची पिशवी दिली आणि कुणी विचारलं का दिली, तर काय सांगायचं?" त्याच्या आवाजात खरी काळजी होती. त्याला संसार आहे, नोकरी आहे.

मी त्याला जे सांगितलं ते इथेही सांगते. पिशवीवर क्रूस छापायचा नाही. आत पत्रक घालायचं नाही. फोटो काढायचा नाही, घेणाऱ्याचा तर नाहीच. कुणाला उपासनेला या म्हणायचं नाही. तांदूळ देताना तर मुळीच नाही. हे मी कायद्याच्या धाकानं म्हणत नाही. हा कायदा नसता तरी हेच म्हणाले असते, कारण हे आमच्या प्रभूनंच सांगितलेलं आहे. ज्या दानाला दुसरं टोक बांधलेलं असतं ते दान नसतं. पणजीला गावानं जे ऐकवलं ते माझ्या हातून घेतलेल्या कुठल्या पोराला पन्नास वर्षांनी कुणी ऐकवू नये, एवढी खबरदारी मला घ्यायची आहे. आणि हे सगळं पाळूनही कुणी संशय घेतला, तर तो सहन करायचा आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तांदूळ द्यायचे.

मात्र हिशेब ठेवायचा. डाव्या हाताला कळू नये याचा अर्थ वही नको असा नाही. बायबलमधल्या मासेदोनियातल्या मंडळ्या स्वतःच गरिबीत होत्या, तरी त्यांनी यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी काढली. प्रेषित पौल ती घेऊन जाणार होता, तेव्हा त्यानं आग्रहानं भरवशाची माणसं सोबत घेतली, एवढ्या मोठ्या रकमेवरून कुणी बोट दाखवू नये म्हणून. आमच्या वहीत रक्कम लिहितो, कारण लिहितो, घेणाऱ्याचं नाव लिहीत नाही. दोन जणं सही करतात.

द्यायला गेलं की कळतं, आपल्याला काय द्यायचंय आणि समोरच्याला काय हवंय यात किती अंतर असतं. मार्च २०२०च्या अखेरीला टाळेबंदी लागली. माग बंद, गाड्या बंद, ताप्ती मार्गावरची भुसावळकडची रेल्वेही बंद. खानदेशातली माणसं चालत निघाली. कडोदरा, बारडोली, व्यारा, सोनगड, आणि मग नवापूरला महाराष्ट्राची हद्द. आमच्यातल्या काही जणांनी परवानगी काढून कडोदऱ्याच्या अलीकडे पुरी-भाजीची पाकिटं वाटली. मीही एक दिवस गेले. एक माणूस आला, चाळिशीचा, पाठीवर पत्र्याची पेटी बांधलेली. पाकीट पुढे केलं तर त्यानं हात जोडले. "जेवण झालंय, ताई. मागे गुरुद्वारावाल्यांनी दिलं." मग जरा थांबून, खाली बघत म्हणाला, "मोबाइलात बॅलन्स टाकता येईल का? घरी सांगितलं नाही अजून, मी निघालोय म्हणून." आमच्याकडे अडीचशे पाकिटं होती आणि कुणाच्या डोक्यात हे आलं नव्हतं. माझ्याबरोबरच्या मुलानं तिथल्या तिथे रिचार्ज मारला. तो माणूस बाजूला झाडाखाली उभा राहून बोलला. अहिराणीत. 'हाऊ, हाऊ, येस ना मी' एवढंच मला ऐकू आलं. मग त्यानं पेटी नीट केली आणि निघाला. त्या दिवसापासून आमच्या खात्यातून रिचार्जसाठीही पैसे निघू लागले. पाकिटं वाटणारे पुष्कळ होते.

हे जे मी सांगतेय त्यातलं सगळ्यात अवघड प्रकरण आमच्या मंडळीतल्या एका बाईंचं आहे, आणि ते अजून मिटलेलं नाही. या बाई विधवा, लिंबायतला खोली, घरी बसून साड्यांचे धागे कापायचं काम करतात. व्यापाऱ्याचा माणूस सकाळी साड्यांचा गठ्ठा टाकून जातो, मागच्या बाजूला लोंबणारे धागे कात्रीनं एकेक कापायचे, संध्याकाळी गठ्ठा परत. नगावर पैसे, तेही थोडे. अंगठ्याच्या मुळाशी घट्टा पडलेला. पण रविवारी पिशवी पुढे आली की त्यांच्या मुठीतून नोट पडतेच, चार घड्या घातलेली.

विधवेच्या दोन दमड्यांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. येशू मंदिराच्या दानपेटीसमोर बसला होता, श्रीमंत भरभरून टाकत होते, आणि हिनं आपली सगळी उपजीविका टाकली. या गोष्टीवर मी आयुष्यभर प्रवचनं ऐकली. ती गोष्ट सुरू होण्याच्या अगदी आधी येशू काय म्हणतो याकडे फार थोडे पाळक वळतात. तो शास्त्र्यांवर कडाडतो की हे लोक विधवांची घरं गिळतात आणि देखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करतात. आणि लगेच ही विधवा येते. त्यानं तिच्या दानाची थोरवी सांगितली हे खरं, पण ते दान घेणाऱ्यांना मोकळं सोडलं नाही. ज्या मंडळीत विधवेची घडी घातलेली नोट पडते, त्या मंडळीला तिच्या घरात काय शिजतं हे माहीत असायला हवं.

आम्हाला माहीत नव्हतं. मागच्या वर्षी त्यांच्या मुलाला कावीळ झाली, बिघडली, दवाखान्यात ठेवावं लागलं, तेव्हा कळलं. कमिटीनं अडीअडचणीच्या खात्यातून दवाखान्याचं बिल भरलं. खजिनदार चोख माणूस, त्यांनी उसने म्हणून नोंद केली, जमेल तसे परत करायचे. बाईंनी मान हलवली.

मुलगा बरा झाला, पुन्हा कामाला लागला. आठ महिन्यांनी खजिनदारांनी हळूच विषय काढला. बाई म्हणाल्या, पैसे जमवले होते, पण दिले. शेजारच्या खोलीत ओडिशातल्या गंजामची एक मुलगी, नवऱ्याचा मागावर अपघात झाला, तिला लेकराला घेऊन गावी जायचं होतं. तिकीट, वाटेचा खर्च, आणि थोडे हातात. सगळे तिला दिले. ती परत येईल की नाही माहीत नाही. हे सांगताना बाईंच्या चेहऱ्यावर अपराधीपणा नव्हता. त्यांना वाटलं, पैशाचं जे व्हायचं होतं तेच झालं.

कमिटीत यावर दोन रविवार चर्चा झाली. खजिनदारांचं म्हणणं, पैसे मंडळीचे, कुणाला द्यायचे हे एका माणसानं ठरवायचं नसतं. उद्या दुसऱ्याच्या मुलाला दवाखान्यात न्यायचं झालं तर खात्यात काय असेल? ते खोटं नाही. खातं रिकामं झालं की पहिला उसासा त्यांनाच टाकावा लागतो. मी म्हटलं, आपण त्या मुलीला ओळखत नव्हतो, बाई ओळखत होत्या. आपले पैसे आपल्यापेक्षा चांगल्या जागी पोहोचले. पाळकसाहेब बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, बाईंनी पैसे आपल्याला परत केले असते तर ते कुठे गेले असते? कुणीतरी म्हणालं, कपाटात.

शेवटी ठरलं ते असं. यापुढे या खात्यातून उसने द्यायचे नाहीत, द्यायचे ते दिलेच. घेणाऱ्याला पुढे कधी जमलं तर त्यानं दुसऱ्या कुणाला तरी द्यावं, आणि कुणाला दिलं हे आम्हाला सांगायची गरज नाही. दानाची एक वेगळी पिशवी महिन्यातून एकदा फक्त या खात्यासाठी फिरेल. लिंबायतच्या बाईंकडे मंडळीतल्या दोघी दर आठवड्याला जाऊन येतील, नुसतं बसायला. खजिनदारांना पहिली गोष्ट अजून पटलेली नाही आणि त्यांनी तसं वहीत लिहून ठेवलं आहे. जूनमध्ये शाळा सुरू होतील, वह्या-दप्तरांसाठी पैसे लागतील, तेव्हा हा विषय पुन्हा निघणार. मी माझं म्हणणं सोडणार नाही.